वाचकांचे प्रश्न : एकचाकी सायकलीत आधी काय बदलावे?

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे एकचाकी सायकल चालवणाऱ्या मुलांविषयीची आहेत आणि चारहींत एकच अडचण आहे. मूल शिकाऊ सायकलीच्या पलीकडे गेले आहे, त्याची हौस खरी आहे, पण पुढचा खर्च नेमका कोणत्या भागावर करावा हे ठरवता येत नाही. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातला प्रश्न उरलेल्या तिन्ही पत्रांच्या मुळाशी आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ती २० इंची चाकाच्या साध्या एकचाकीवर शिकली. आता ती रोज तासभर चालवते, जागच्या जागी पुढेमागे झुलत उभी राहते, उडी मारून पदपथावर चढते आणि अलीकडे तीन पायऱ्या उडीने उतरण्याचा सराव करते. महिनाभरापासून डाव्या पायाकडून कट्कट् असा आवाज येतो. तिने आम्हाला यादी दिली आहे : रुंद टायर, धातूची पेडले, हँडलची सीट, आखूड क्रँक आणि खाचांचा हब. आम्हा दोघांनाही यातले फारसे कळत नाही. सध्या यातली एकच वस्तू घेता येईल. ती कोणती असावी, की थांबून नवीच सायकल घ्यावी? — एक आई

उत्तर : इतकी नेमकी यादी तेच मूल करते जे आपल्या सायकलीकडे मनापासून लक्ष देते, त्यामुळे ती वाचून मला फार बरे वाटले. तरी यादीकडे वळण्याआधी, आपण जाता जाता उल्लेख केलेल्या आवाजाविषयी लिहितो, कारण माझ्या मते आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. त्या आवाजाचे कारण सापडून तो थांबेपर्यंत मुलीला पायऱ्या उतरू देऊ नका.

शिकाऊ एकचाकीत क्रँक, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला बसते तो धातूचा हात, चाकाच्या मध्यातून जाणाऱ्या ज्या अ‍ॅक्सलवर बसतो त्याचे टोक चौकोनी आणि बाहेरच्या बाजूला निमुळते असते. बोल्ट आवळला की क्रँक त्या निमुळत्या टोकावर घट्ट चढतो आणि केवळ त्या दाबाने तिथे धरून राहतो. दुचाकी सायकलीत हीच रचना वर्षानुवर्षे निर्धोकपणे वापरली गेली आहे, परंतु तिथे पेडलावरचा जोर एकाच दिशेने असतो आणि पाय मागे फिरवला तर फ्रीव्हील मोकळे फिरते. एकचाकीत साखळी नाही आणि फ्रीव्हीलही नाही. क्रँक थेट चाकाला जोडलेला असतो. पुढे जायचे तर पेडल पुढे दाबायचे आणि वेग कमी करायचा तर त्याच पेडलाला उलट रेटायचे, म्हणजे तो सांधा सतत दोन्ही बाजूंना पिळला जात असतो. जागच्या जागी झुलताना हे प्रत्येक झोक्याला घडते. उडीच्या वेळी तर दोन्ही क्रँक आडवे ठेवून पेडलांवर उभे राहावे लागते. पुढचा पाय अ‍ॅक्सलला एका दिशेने पिळतो, मागचा पाय विरुद्ध दिशेने, आणि पायरीवरून खाली येतानाचा सगळा धक्का त्या दोन चौकोनी टोकांना सोसावा लागतो.

अशा वेळी बोल्ट किंचित जरी सैल असेल, तर पोलादी अ‍ॅक्सलला सहसा काही होत नाही, पण मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमधले चौकोनी भोक कोपऱ्यांशी दबत दबत मोठे होते. ते एकदा बिघडले की बोल्ट कितीही आवळला तरी क्रँक पुन्हा नीट धरत नाही. मी स्वतः शिकत असताना असाच आवाज पेडलाच्या बेअरिंगचा समजून तीन आठवडे अंगावर काढला होता. शेवटी एका उतारावर डावा क्रँक पेडलासकट निसटला आणि माझे मनगट दुखावले. पाच मिनिटांत पाना लावून टळणारी गोष्ट होती, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

तपासणी घरीच करता येते. एक क्रँक हाताने घट्ट धरा आणि दुसरा पुढेमागे हलवून पाहा. दोघांमध्ये केसभर जरी हालचाल जाणवली, तर दोहोंपैकी एक सैल आहे. हालचाल नसेल, तर पेडल त्याच्या दांड्यावर डुगडुगते का, पेडलाचे आटे क्रँकमध्ये पूर्ण बसले आहेत का आणि फ्रेमखालच्या बेअरिंगच्या टोप्यांचे स्क्रू सारखे आवळलेले आहेत का, हे क्रमाने पाहा. या टोप्या जरुरीपेक्षा जास्त आवळल्या तर बेअरिंग अडकते, म्हणून आवळल्यानंतर चाक उचलून फिरवावे आणि ते अडखळत नाही याची खात्री करावी. क्रँकचा बोल्ट मात्र चांगला घट्ट लागतो. चौकोनी टोकासाठी साधारण ३५ ते ४० न्यूटन मीटर इतका जोर धरतात. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना घरी नसेल, तर सायकल दुरुस्त करणाऱ्याकडून तो एकदा आवळून घ्यावा आणि दोन-तीन दिवस चालवल्यावर पुन्हा तपासावा. तरीही लगेच सैल झाला, तर क्रँकचे भोक गेले असे समजून त्याच लांबीची नवी जोडी बसवावी. तसे झाले तर आपली ‘एक वस्तू’ तीच ठरते आणि यादीला पुढच्या खेपेपर्यंत थांबावे लागेल.

आता यादी. मुलीने खाचांचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, मागितला आहे, तो तिने नीट समजून मागितला असावा. त्यात अ‍ॅक्सलचे टोक चौकोनी नसून त्यावर दहा उभ्या खाचा असतात, आणि क्रँकच्या आतल्या खाचा त्यांच्यात अडकतात. आयसिस या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी उड्यांचा मार चौकोनी टोकापेक्षा कितीतरी चांगला सोसते. अडचण निराळीच आहे. हब बदलायचा म्हणजे सगळे स्पोक काढून चाक नव्याने बांधायचे. जुने क्रँक त्यावर बसत नाहीत, म्हणून क्रँकही नवे घ्यायचे. त्यातच चौकोनी टोकाच्या हबचे बेअरिंग सहसा बाहेरून ४० मिलिमीटर व्यासाचे असते आणि खाचांच्या हबचे ४२ मिलिमीटरचे. लहान बेअरिंग फ्रेमच्या मोठ्या खोबणीत पातळ पट्टी घालून बसवता येते, पण मोठे बेअरिंग लहान खोबणीत कसे बसणार? म्हणून फ्रेमही बदलावी लागते. इथवर आल्यावर जुन्या सायकलीची केवळ सीट आणि टायर उरतात, आणि सुटे भाग जोडून बनवलेली ही सायकल मुळातच उड्यांसाठी बांधलेल्या तयार सायकलीपेक्षा महाग पडते. म्हणून खाचांचा हब हा ‘बदलायचा भाग’ आहे असे मी मानत नाही. तो पुढच्या सायकलीबरोबर यावा. पुढची सायकल कधी घ्यायची याचे माझे साधे गमक आहे : बोल्ट वेळच्या वेळी तपासूनही क्रँकची दुसरी जोडी खराब झाली, तर मूल खरोखरच त्या सायकलीच्या पलीकडे गेले आहे.

मग आज काय घ्यावे? क्रँक ठणठणीत निघाले, तर मी सीट घेईन. एकचाकीवर हात टेकायला काही नसल्याने, पेडलांवर उभे नसताना अंगाचे बहुतेक वजन सीटवरच असते, आणि उडी मारताना मूल एका हाताने सीटचा पुढचा भाग धरून सायकल आपल्याबरोबर वर खेचते. शिकाऊ सीटला पुढे प्लॅस्टिकचा ठोकळा असतो. तो सायकल आपटल्यावर सीट वाचवण्यासाठी असतो, धरण्यासाठी नव्हे. त्याची पकड निसरडी असते, स्क्रू निघतात, आणि सीटचा तळ लवचीक असल्याने हाताने लावलेल्या जोरातला बराचसा भाग तळ वाकवण्यातच जातो. हँडल घट्ट असलेली आणि तळ कडक असलेली सीट बसवली, की तेच मूल त्याच ताकदीत उंच उडी मारू लागते. पायऱ्यांच्या सरावात मुलीला सर्वांत आधी जाणवेल असा बदल हाच आहे, आणि पुढे नवी सायकल घेतली तरी चांगली सीट तिच्यावर लावता येते. पैसे वाया न जाण्याचा एवढा भरवसा यादीतल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूत नाही.

घेण्याआधी दोन मोजमापे करावीत. सीटच्या दांडीचा व्यास २२.२, २५.४ किंवा २७.२ मिलिमीटर यांपैकी एक असतो. तो डोळ्यांनी ओळखू येत नाही, म्हणून व्हर्नियर कॅलिपरने मोजावा. बहुधा दांडीवरच तो कोरलेलाही असतो. दुसरे, सीट दांडीच्या पट्टीला चार बोल्टनी जोडली जाते, पण त्या बोल्टमधले अंतर सगळ्या सीटचे सारखे नसते. जुनी सीट काढून ती चार भोके कागदावर उमटवून नेली, तर चूक होत नाही.

आणि सीट बदलण्याच्या निमित्ताने तिची उंची पाहा. बारा वर्षांचे मूल दोन वर्षांत किती वाढते ते आपण जाणताच. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. तो बराच वाकलेला राहत असेल, तर मांड्या लवकर भरून येतात आणि मूल ‘ही सायकल आता लहान पडते’ असे म्हणू लागते. पुष्कळदा लहान पडलेली असते ती केवळ दांडी. दांडी वर ओढताना तिच्यावरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या बाहेर येऊ देऊ नये. खूण दिसू लागली तर लांब दांडी घ्यावी. पालकांच्या पत्रांत या भागाचा उल्लेख मला क्वचितच दिसतो, आणि वाढत्या मुलाला त्याइतका लगेच आराम देणारा दुसरा भाग नाही.

रुंद टायरची कल्पना चांगली आहे, परंतु त्यात एक फसगत आहे. उड्यांसाठी वापरला जाणारा जाड टायर ज्याला १९ इंची म्हणतात, त्याची रिम ३८७ मिलिमीटरची असते, तर नेहमीच्या २० इंची चाकाची रिम ४०६ मिलिमीटरची. बाहेरून दोन्ही चाके सारखीच दिसतात, कारण जाड टायर चढल्यावर त्यांचा व्यास जवळपास एकच होतो. मात्र एकीचा टायर दुसरीवर चढत नाही. टायरच्या कडेवर छापलेला मिलिमीटरचा आकडा पाहूनच तो घ्यावा, आणि फ्रेमच्या दोन्ही पायांत व वरच्या कमानीखाली त्याला जागा आहे का हे आधी मोजावे. दरम्यान एक बिनखर्चाचा प्रयोग करा : आहे त्याच टायरमधली हवा थोडी थोडी कमी करत जा आणि उडीनंतर रिम जमिनीला टेकत नाही त्या मर्यादेवर थांबा. उतरतानाचा धक्का कितीतरी मऊ होतो.

टायर झिजला आहे का ते पाहताना संपूर्ण परीघ फिरवून पाहा. क्रँक चाकाला पक्का असल्याने मूल दर वेळी त्याच स्थितीत झुलते, त्याच स्थितीत उडी मारते आणि त्याच जागी वळते, म्हणून टायर एकाच ठिकाणी टकला होतो आणि बाकीचा नवा राहतो. हवा काढून टायर रिमवर पाव फेरी सरकवला, की त्याचे आयुष्य वाढते. दुचाकी चालवणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसते, कारण त्यांच्या टायरला अशी ठरलेली जागाच नसते.

धातूची पेडले मी थोडी पुढे ढकलेन. त्यांवरच्या खिळ्यांनी बूट घट्ट धरला जातो हे खरे, पण उडी चुकली की तेच खिळे नडगी सोलून काढतात. नडगीची ढाल आधी आणि ती पेडले नंतर, हा क्रम मी मोडत नाही.

आखूड क्रँक मात्र आज घेऊ नयेत. बहुतेक शिकाऊ २० इंची एकचाकीला १२५ किंवा १२७ मिलिमीटरचे क्रँक असतात. १०० मिलिमीटरचे बसवले, तर पायांचे वर्तुळ लहान होते आणि गुळगुळीत फरशीवर चाल अतिशय सफाईदार होते; नृत्यासारख्या फिगर करणाऱ्या मुलांना ते आवडतात. परंतु पाचवा हिस्सा लांबी कमी झाली की चाकावरचा पायाचा पगडाही तेवढाच कमी होतो, आणि चढावर, खडबडीत जागी किंवा उडीनंतर तोल सावरताना नेमका तोच लागतो. आपली मुलगी आज जे करते आहे त्याच्या उलट दिशेचा हा बदल आहे. तिने कुणाची तरी सुंदर चाल पाहून तो यादीत घातला असेल, तर तिला क्रँक नाकारताना ती चाल नाकारू नका. १२५ मिलिमीटरवरही ती शिकता येते.

प्रश्न : मुलाच्या एकचाकीचे डावे पेडल आठवड्याला एकदा सैल होऊन हातात येते. दोन वेळा नवे पेडल लावले. पेडल चांगल्या प्रतीचे कसे ओळखावे? — एक वडील

उत्तर : दोष बहुधा पेडलांचा नाही, सायकल उलटी चालवली जात आहे. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवून आवळायचे असते, आणि सायकल योग्य दिशेने चालवली तर दोन्ही पेडले चालता चालता आपापल्या जागी घट्ट होत राहतात. एकचाकीची फ्रेम पुढून-मागून सारखीच दिसते. कुणी सीट उलटी बसवली, की मुलाच्या डाव्या पायाखाली उजवा क्रँक येतो आणि दोन्ही पेडले हळूहळू सुटू लागतात. पेडलाच्या दांड्याच्या टोकावर आणि क्रँकच्या आतल्या बाजूला ‘एल’ आणि ‘आर’ ही अक्षरे कोरलेली असतात. मूल सीटवर बसल्यावर ‘एल’ त्याच्या डाव्या हाताला आले पाहिजे. तसे नसेल, तर सीट सैल करून अर्धी फेरी फिरवा आणि मग पेडले आवळा. इतके दिवस सैल पेडलावर चालवल्याने क्रँकमधले आटे घासले असण्याची शक्यता आहे. नवे पेडल हाताने फिरवताना ते वाकडे जात असेल किंवा डुगडुगत असेल, तर क्रँक बदलावा लागेल.

प्रश्न : माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे आणि २० इंची एकचाकी सफाईने चालवतो. त्याला मित्रांच्या सायकलींबरोबर दहा-बारा किलोमीटरच्या फेरीला जायचे असते, पण तो फार मागे पडतो. गिअरचा हब मिळतो असे त्याने वाचले आहे. तो बसवावा, का त्याच फ्रेममध्ये मोठे चाक बसेल? ब्रेकही लावून घ्यावा का? — एक मामा

उत्तर : भाचा मागे पडतो यात त्याच्या पायांचा दोष नाही. २० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १.६ मीटर पुढे जाते. पायांनी मिनिटाला ८० फेरे मारले, आणि दीर्घ अंतराला ते पुष्कळच झाले, तरी वेग ताशी साडेसात-पावणेआठ किलोमीटरच भरतो. तेवढ्याच फेऱ्यांत २४ इंची चाक ताशी नऊ, २९ इंची अकरा आणि ३६ इंची चाक जवळपास चौदा किलोमीटर जाते. याला कोणताही सुटा भाग पर्याय नाही. २० इंची फ्रेममध्ये मोठे चाक मावत नाही, कारण फ्रेमचे पाय चाकाच्या मापाचेच असतात. इथे माझे उत्तर स्पष्ट आहे : नवी सायकल घ्या आणि २० इंची जवळ ठेवा, कारण झुलणे, उड्या आणि अरुंद जागेतली वळणे यांसाठी तो तिच्याकडे पुन्हा पुन्हा येईल.

गिअरचा हब खरोखर अस्तित्वात आहे. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फ यांनी विकसित केलेल्या हबमध्ये अ‍ॅक्सलच्या टोकाशी एक बटण असते. चालवता चालवता टाचेने ते दाबले, की चाक पायांच्या सुमारे दीडपट फिरू लागते. यंत्र म्हणून ते मला विलक्षण आवडते. पण वरच्या गिअरमध्ये पेडलावरचा प्रत्येक चुकीचा दाब चाकापर्यंत निराळ्या प्रमाणात पोहोचतो, तोल सावरायला पायांना नव्याने शिकावे लागते, आणि घसरण झालीच तर ती धावून सावरण्याच्या वेगापलीकडची असते. मोठ्या चाकावर शेकडो किलोमीटर घालवलेल्या प्रौढासाठी ते साधन आहे, २० इंचीवरून थेट तिथे जाणाऱ्या मुलासाठी नाही.

पंधराव्या वर्षी २९ इंची चाक बहुतेकांना जमते, पण वयावर न जाता माप घ्या. त्या सायकलीची सीट अगदी खाली उतरवून अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मोजा आणि तीत क्रँकची लांबी मिळवा. ही बेरीज भाच्याच्या बूट घातलेल्या पायाच्या आतल्या बाजूच्या लांबीपेक्षा कमी असली पाहिजे. ती तेवढीच भरली तर सायकल कशीबशी चालेल. चार-पाच सेंटिमीटर मोकळीक असेल तर ती खरी त्याच्या मापाची. मोकळीक नसेल, तर २६ इंची घ्या. ३६ इंची चाक रस्त्यावर मोठे शांत आणि स्थिर चालते. तरी ते थांबवायला व वळवायला वेळ लागतो आणि त्यावर चढणे हेच एक वेगळे कौशल्य आहे, म्हणून ते दुसरे मोठे चाक असावे, पहिले नव्हे.

क्रँक दोन भोकांचे मिळाले तर तेच घ्या. कॅनडाच्या क्रिस होम यांच्या नावाने निघणाऱ्या क्रँकमध्ये १२७ आणि १५० मिलिमीटर अशी दोन भोके एकाच क्रँकवर असतात. पहिले काही महिने पेडले बाहेरच्या भोकात ठेवावीत, कारण जड चाक थोपवायला लांब क्रँकचा पगडा लागतो. पाय स्थिर झाले की आतल्या भोकात घ्यावीत. पायांचे वर्तुळ लहान झाल्याने मिनिटाचे फेरे आपसूक वाढतात. त्याच्या वाढत्या कौशल्याबरोबर चालणारा एवढा सोयीचा भाग मला दुसरा माहीत नाही.

ब्रेकविषयी गैरसमज फार आहे. एकचाकीचा ब्रेक अचानक थांबण्यासाठी नसतो. तो जोरात दाबला तर चालवणारा पुढे पडतो. लांब उतारावर पेडलांना सतत उलट रेटून गुडघे थकतात, तो भार कमी करण्यासाठी सीटच्या हँडलखालची छोटी मूठ एका बोटाने हलकी ओढत उतरायचे असते. सपाट फेरीसाठी त्याची गरज नाही. मात्र नवी सायकल निवडताना तिच्या फ्रेमवर ब्रेक बसवायची जागा आहे का, एवढे आवर्जून पाहा. डिस्क ब्रेक हवा असेल तर डिस्क हबवर किंवा क्रँकवर बसवायची सोयही लागते, आणि ही सोय नंतर सहजासहजी निर्माण करता येत नाही. ब्रेक पुढच्या वर्षी लावता येतो.

एक गोष्ट मामा म्हणून आपणच सांगू शकाल. २० इंचीवरून पडणारा मुलगा बहुतेक वेळा पायांवर उतरतो आणि दोन पावले धावून थांबतो. २९ इंचीवर तो ताशी बारा-तेरा किलोमीटरने चाललेला असेल, आणि तिथे हात पुढे जातात. हेल्मेट तो घालतच असेल. मनगटाच्या पट्ट्याही चाकाबरोबरच आणा, चाकानंतर नव्हे.

प्रश्न : मी तेरा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी मला २४ इंची एकचाकीच्या १०० मीटर शर्यतीत भाग घ्यायचा आहे. आखूड क्रँक लावले तर जास्त वेग मिळेल असे माझा दादा म्हणतो. कोणत्या लांबीचे लावू? — एक वाचक

उत्तर : दादाचे म्हणणे बरोबर आहे, पण नियम तुला एका मर्यादेपुढे जाऊ देणार नाही. इंटरनॅशनल युनिसायकलिंग फेडरेशनच्या नियमांप्रमाणे २४ इंची वर्गात टायरसह चाकाचा व्यास ६१८ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि क्रँक १२५ मिलिमीटरपेक्षा आखूड चालत नाही. तेव्हा तुझ्या सायकलीला आत्ता १५० चे क्रँक असतील, तर १२५ चे घे, कारण तिथे मोठा फरक पडेल. १२५ चेच असतील, तर क्रँकवर काही खर्च करू नकोस.

मग वेग टायरमध्ये शोध. रस्त्यावरचा जाड नक्षीचा टायर काढून गुळगुळीत टायर लाव आणि त्याच्या कडेवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या जवळपास हवा भर. फार रुंद टायर घेऊ नकोस : २४ इंची रिम ५०७ मिलिमीटरची असते, आणि तीन इंच रुंदीचा टायर दोन्ही बाजूंनी साधारण ७६-७६ मिलिमीटर उंची वाढवतो, म्हणजे चाक ६५९ मिलिमीटरच्या आसपास जाऊन बाद ठरते. साधारण दोन इंचांचा टायर मर्यादेच्या आत आणि तिच्या जवळ राहतो, आणि तुला तेच हवे आहे, कारण व्यासाचा प्रत्येक मिलिमीटर दर फेऱ्याला तुला थोडे पुढे नेतो.

सीट सरावापेक्षा किंचित वर घेऊन पाहा. कंबर डावी-उजवीकडे हलू लागली तर ती जास्त वर गेली आहे, पुन्हा थोडी खाली कर. पायांत बूट, गुडघ्यांना पॅड आणि हातात मोजे शर्यतीत सक्तीचे असतात. ते घालूनच सराव कर, नाहीतर शर्यतीच्या दिवशी गुडघ्याचे पॅड पहिल्यांदाच घातल्यामुळे पाय जड वाटतात. आणि क्रँक आणलेस की त्यांवरच्या छापील आकड्यावर विसंबू नकोस. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून पेडलाच्या दांड्याच्या मध्यापर्यंत स्वतः पट्टी धरून मोज, आणि टायरमध्ये शर्यतीसाठी भरायची तेवढी हवा भरूनच चाकाचा व्यास मोज, कारण हवा भरल्यावर टायर फुगून दोन-चार मिलिमीटर वाढतो.